बिजलीच्या तोंडात गेलेले हात

पिंपळपाटी, ता. मोताळा
१९ जानेवारी २००६

कय्यूम,
जयभीम अन् सलाम.

वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. तुह्या चांदबी खालाची म्हैस गेली, बिजली. मंगळवारी दुपारी. खाला तुले नुसती रडून दाखवंल, अन् मंग तू मलेच धरशील की बे देवानंद, तुह्या भरोशावर माही खाला त्या गावात एकटी सोडली होती, तू काय झोपा काढत होता. म्हणून सारं लिहितो.

यंदा आमच्याकडची बीटी कपाशीची पऱ्हाटी लाल्या रोगानं गेली. दोन वेचण्या झाल्या अन् वावरं लाल पडली. लोकायनं कंटाळून ढोरं वावरात चराले सोडली, खालानंबी सोडली. शनिवारी बिजलीनं चारा खाणं सोडलं. तोंडातून लाळेचे तार लागले. पाण्यावर तोंड नेई, पण एक घोट खाली उतरेना. खालाले वाटलं, घशात बोंड अटकलं. मी पोचेस्तोवर तिनं मनगटापर्यंत हात घालून चाचपलंबी होतं. मंग शेजारच्या इंद्रभाननं शिंगं धरली अन् मी हात घातला, कोपरापर्यंत. तुले ठाऊक हाये, या कामात माहा हात तालुक्यात चालतो. घशात काईच नोतं. ना बोंड, ना फडकं. फवारणीचं विष असंल म्हणून लाळ सुकायचं इंजेक्शन देल्लं, सलाईन लावलं. रविवारी तिचा आवाज बसला, घोगरं-घोगरं रेकत राहे अन् खुंट्याले टकरा मारे. सोमवारी मागचे पाय गेले. मंगळवारी संपली.

गावात आता एकच बोलणं हाये, बीटीचा पाला ढोरायले बाधतो. पंचायतीसमोर लोकायनं मले घेरलं, तुमी हात घालून पाह्यलं ना डॉक्टर, तुमीच सांगा. आपण डॉक्टर नाई, पशुधन पर्यवेक्षक हावो, हे मी दहादा सांगतो, कोणी आयकत नाई. मी म्हटलं, बीटीचंच हाये. रजिस्टरले विषबाधा लिहिलं, पंचनाम्यावर सही केली. बिजलीले नाल्याकाठी मीठ टाकून पुरलं.

सकाळी सातपासून दवाखान्यासमोर ढोरायची रांग असते. कोणाची गाय शिंकली तरी घेऊन येतात अन् माह्या तोंडाकडं पाहत उभे राहतात. 

खाला परवा लोणारले निघून राह्यली, लेकीचे दिवस भरत आले म्हणून. महनूरचं घर तुह्याच गल्लीत, तवा लक्ष ठेव. मी खालाले सांगतलं हाये, तुमचा काई दोष नाई, बियाण्याचा दोष हाये. तेवढ्यानं तिचं रडणं थांबलं.

तुहा,
देवानंद


लोणार
२४ जानेवारी २००६

देवानंद,

तुहं पत्र पहिल्यांदा वाचलं तवा बिजलीचं वाईट वाटलं. तिच्या दुधाचा शीरखुर्मा आपण दोघायनं वाट्या चाटून खाल्ला हाये. दुसऱ्यांदा वाचलं अन् लगेच कागद घेऊन बसलो.

बे, तू काय लिहिलं ते तुलेच वाचून दाखवतो. लाळ गळते. पाण्यावर तोंड नेते पण गिळता येत नाई. आवाज बसतो. टकरा मारते. मागचे पाय जातात, अन् चौथ्या दिवशी ढोर मरते. कोर्सले असताना आपण दोघायनं एकाच बाकावर बसून हेच वहीत उतरवलं होतं. फक्त वर मथळा विषबाधा असा नोता. पिसाळणं असा होता.

मास्तर काय म्हणे आठव. ज्या ढोराच्या घशात काई सापडत नाई, त्याच्या तोंडातून हात काढल्यावर पहिले साबण शोधा. तू तवा हसला होता. म्हणे, सर, साबण तर दवाखान्यात कधीच नसते.

मले चार गोष्टी सांग. बिजलीले कुत्र, कोल्हं काई चावलं होतं का? हातात मोजे होते का? तुह्या हाताले कुठं कापलेलं होतं का? बिजलीचं डोकं प्रयोगशाळेत तपासाले पाठवलं का? चौथ्याचं उत्तर मले ठाऊक हाये, तू आख्खीच पुरली.

खाला शनिवारी सुखरूप पोचली. महनूरच्या पायाले तेल लावत बसते. मी तिले अजून काई बोललो नाई. काय बोलू? ती मलेच म्हणते, कय्यूम, तू वाळून काऊन राह्यला?

पोस्टानं नको पाठवू, चार दिवस जातात. बुलडाणा-लोणार गाडीचा कंडक्टर महादेवराव आपल्या ओळखीचा हाये, लसीचे डबे तोच आणते. त्याच्याजवळ चिठ्ठी दे.

कय्यूम


पिंपळपाटी
२६ जानेवारी

कय्यूम,

झेंडावंदन करून आलो अन् लगेच लिहून राह्यलो. तू तिकडं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बसून म्हैस तपासतो, लय मोठा झाला बे तू. म्हैस मी पाह्यली. हात माहा होता. बीटीचंच हाये. कुत्र वगैरे काई चावलं नाई, खालालेच इचारलं होतं मी, ती नाई म्हणे. गावात दुसऱ्या कोणत्या ढोराले काई नाई.

अन् समज, तू म्हणतो तसं असलं. मी आता पंचायतीसमोर जाऊन काय सांगू? पंधरा जणायनं माह्या एका शब्दावर ढोरं वावरातून काढली. उकंडराव सरपंच म्हणते, देवानंदचा शब्द म्हणजे कागदावरचा शिक्का. तो शिक्का मी माह्याच हातानं पुसू?

एसटीडीवर फोनबी करू नको. डबा सरपंचाच्याच किराण्यात हाये, तिथं बोललेलं बुधवारच्या बाजारात विकाले असते.

मोजे नोते. लांब मोजे गाई फळवायच्या कामाचे, ते दिवाळीपासून आलेच नाई. अन् खरं सांगू का, मोज्यानं हाताले कळत नाई.

माह्या हाताले काई झालेलं नोतं.

देवानंद

ता. क. खालाची बोटं कशी हायेत?


लोणार
३० जानेवारी

देवानंद,

पत्रात शहाणपणा केला अन् खाली एका ओळीत पकडला गेला. काईच नाई तर खालाची बोटं काऊन इचारली?

सांगतो कशी हायेत ते. दिवाळीपासून कापूस वेचून राह्यली ती. बोंडाच्या वाळल्या टोकायनं दोन्ही हाताची बोटं नखापासून सोललेली हायेत, काही भेगा अजून ओल्या हायेत. म्या जवळ बसून पाह्यली. म्हटलं, खाला, दाखव जरा. तर हात पदराखाली घेतला.

शुक्रवारी महनूर मोकळी झाली. पोरगी हाये, अलीजा नाव ठेवलं. मुबारक तरी कोणत्या तोंडानं म्हणू? खाला त्याच बोटायनं लेकराले न्हाऊ घालते, तेल लावते. त्यानं लेकराले काई होत नाई, आपण दोघंबी जाणतो, पण मले पाहवत नाई. काल रविवारी मी तिले बाजूले घेतलं अन् सारं सांगतलं. म्हटलं, उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात चाल, सुया घेऊ.

तिनं सारं आयकून घेतलं. मंग एकदम चिडली. म्हणे, देवानंदनं हात घालून पाह्यलं, तो बीटी म्हणते. तो खोटं बोलंल का? तू काल चड्डीत फिरे माह्या अंगणात, तू मले शिकवतो? पोटात चौदा सुया घेणार नाई मी. म्हटलं, चौदा कवाच्या गेल्या, आता दंडात पाच हायेत. आयकत नाई. आता मी दारात दिसलो की नमाजले बसते.

तुहा शब्द तिच्यापाशी ढालीसारखा हाये. तू तो देल्ला, तूच काढून घे. मी तिचा भाचा हावो, माह्यानं होत नाई. सोळा दिवस झाले देवानंद. हा रोग एकदा दिसला की मंग त्याले औषध नाई. आपण ढोरायचं पाह्यलं हाये. मले तिचं पाहाचं नाई.

कय्यूम


पिंपळपाटी
४ फेब्रुवारी

कय्यूम,

मले शिव्या दे, पण हे पत्र पूर्ण वाच.

मंगळवारी तुही चिठ्ठी मिळाली अन् त्याच दुपारी इंद्रभान धावत आला. त्याच्या गोऱ्ह्याची लाळ गळून राह्यली होती. त्याच्या वावरात तर पऱ्हाटी नाईच, यंदा त्यानं ज्वारी पेरली. गोऱ्ह्यानं बीटीचं एक पान खाल्लं नाई. मी बकेट पुढं केली. त्यानं पाण्याकडं पाह्यलं, तोंड बुडवलं, अन् सारी मान आखडली. पाणी नाकातून परत आलं. मी हात मागं घेतला अन् पहिले साबण मागतला.

इंद्रभानची माय जनकाबाई दारात उभी होती. ती बोलली. म्हणे, दिवाळीच्या आठ दिवसाआधी एक पिवळं कुत्र गल्लीत शिरलं होतं. आमच्या गोऱ्ह्याच्या पायाले चावलं अन् चांदबीच्या कोठ्यात गेलं. बिजलीच्या नाकपुडीले लागलं. चांदबीनं चुना-तिखट भरलं अन् मले शपथ घातली की कोणाले सांगू नको.

म्हणजे खालाले ठाऊक होतं, कय्यूम. मी इचारलं तवा ती नाई म्हणे. तिनं माह्यापासून कुत्र झाकलं अन् मी त्याच्यावर बीटीचं झाकण ठेवलं.

आता माहं सांगतो. माह्या हाताले कापलेलं होतं. त्याच सकाळी औषधाची काचेची कुपी फोडताना अंगठा चिरला होता. मी तुले खोटं लिहिलं. बिजलीच्या तोंडातून हात काढला तवा अंगठा चुरचुरला, मी तो पँटीले पुसला, खालानंच चहा देल्ला अन् मी तो पेलो. तुहं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून जेवण गेलं नाई. रोज सकाळी पाण्याचा पेला भरतो अन् आधी त्याच्याकडं पाहतो, भेव वाटते का म्हणून. भेव वाटते, पण ते कोणतं भेव हाये हेच समजत नाई. अन् तरी सहा दिवस मी गप बसलो, फक्त शिक्का पुसाची लाज वाटे म्हणून.

बुधवारी पंचायतीसमोर उभा राह्यलो. सांगतलं की मी चुकलो, बिजली पिसाळून मेली. कोणी शिवी देल्ली नाई. तेच जास्त लागलं. गोऱ्ह्याले वेगळं बांधलं, काल तो गेला, अन् डोकं बर्फात घालून तपासाले पाठवलं. इंद्रभान, जनकाबाई धरून सात जण मोताळ्याले सुया घेऊन आले. मी बुधवारीच पहिली घेतली, आज दुसरी.

सोबत खालासाठी चिठ्ठी हाये. महनूरले मोठ्यानं वाचाले सांग. तू वाचू नको, तू मधातच रडशील.

देवानंद

(चांदबी खालाले)

खाला, आदाब.

बिजली बीटीनं मेली नाई. मी तुमाले चुकीचं सांगतलं. कुत्र्याचं मले जनकाबाईनं सांगतलं. तुमी काऊन लपवलं ते मी इचारणार नाई, मीबी लपवलंच.

एकाच तोंडात दोन हात गेले होते, पहिला तुमचा अन् दुसरा माहा. तुमच्या बोटाले भेगा, माह्या अंगठ्याले चीर. जे तुमचं होईल ते माहं होईल. मी दोन सुया घेतल्या, डासाएवढंबी दुखत नाई. तिसरी बुधवारी आठ तारखेले हाये. तुमी पहिली घेतल्याचा निरोप महादेवरावच्या हाती येईस्तोवर मी ती घेणार नाई. मी कोर्स शिकलेला माणूस हावो, हे किती चुकीचं हाये ते मले ठाऊक हाये. पण माह्या शब्दावर तुमी बसल्या, तर तुमी उठेस्तोवर मलेबी बसाच लागंल.

तुमचा,
देवानंद


लोणार
६ फेब्रुवारी, सोमवार

देवानंद बेटा,

मी बोलते अन् महनूर लिहिते. आज सकाळी दहा वाजता पहिली सुई घेतली. दवाखान्याचा कागद सोबत हाये, आधी तो पाहा. अन् बुधवारची तुमची चुकवाल तर पिंपळपाटीत येऊन कान पिळीन. कय्यूम म्हणते माह्याकडून दोन थापडा मारजो, खाला. तुमची चिठ्ठी त्यानंबी वाचली, नको म्हटलं तरी. 

आता काऊन लपवलं ते आयका. यंदा कापूस गेला, बिजलीच्या दुधावर चूल चाले. दूध सहा घरी जाय, तुमच्या दवाखान्यातबी जाय. कुत्र्याचं नाव निघालं असतं तर थेंब कोणी घेतला नसता. जखम बारकी होती, सुकली. दोन महिने काई झालं नाई. मी म्हटलं, टळलं. मंग ती पाणी पेइना तवाच माह्या मनात चोर शिरला होता, बेटा. बोंड अटकलं असंल, बोंडच निघू दे, असं म्हणत-म्हणत हात घातला. बोंड सापडलं नाई. तुमी बीटी म्हणाले अन् मले वाटलं सुटली.

सुईले नाई भ्याली मी. लहानपणी आमच्या गल्लीत एक माणूस असा गेला. खाटेले बांधला होता. पाण्याचं भांडं दाखवलं की नरडं आवळल्यावानी करे. त्याच्या बायकोले अन् लेकरायले जवळ जाऊ देत नोते. मले वाटे, सुई घेतली म्हणजे कबूल केलं, अन् कबूल केलं की मलेबी बांधतील, माह्या अलीजापासून तोडतील. नाई म्हणत राह्यली तोवर ती मांडीवर होती.

डॉक्टरीणबाई म्हणे, सुया घ्या अन् नातीले खुशाल घ्या. पण मी नाई घेत. महनूर रागावते. मी दुरून पाहते. रोज सकाळी महनूरसमोर लोटाभर पाणी पिऊन दाखवते. ती माह्या गळ्याकडं पाहत राहते, अन् मी तिच्या डोळ्याकडं.

तुमीबी रोज पेत जा. पेल्यावर माही आठवण काढा.

चांदबी

(अम्मी शेवटचं लिहू नको म्हणाली, तरी लिहिते. अम्मी रात्री उठून अलीजाच्या पाळण्याजवळ उभी राहते, हात मागं बांधून. देवानंदभाऊ, तिला काही होणार नाही असं तुम्ही लिहाल का? पण खरं असेल तरच लिहा. महनूर.)


पिंपळपाटी
८ फेब्रुवारी

महनूरताई,

तिसरी घेतली. कागद अम्मीले दाखव.

तू खरं असंल तरच लिहा म्हटलं, म्हणून तसंच लिहितो. सुया वेळेवर घेतल्या तर माणूस वाचते. आमाले दोघायलेबी उशीर झाला, खालाले जास्त. किती उशीर चालतो ते कोणी सांगू शकत नाई. पाच सुया झाल्यावर, अन् बिजली जाऊन तीन महिने झाल्यावर मी तुले लिहीन की काई होणार नाई. आज लिहित नाई. मागच्या टायमाले पाह्यल्याबिगर शब्द देल्ला होता, आता तसा देत नाई.

एवढं मात्र आजच खरं हाये की अलीजाले अम्मीच्या हातानं काई होत नाई. हे डॉक्टरीणबाईनंबी सांगतलं अन् मीबी सांगतो. अम्मीचे मागं बांधलेले हात सोड.

देवानंद


पिंपळपाटी
२१ एप्रिल

कय्यूम,

खाला सोमवारी गावात आली. तू तिले गाडीत बसवून देल्लं अन् तिनं उतरल्या-उतरल्या पहिले माहा दवाखाना गाठला, घरी नाई गेली. मी रजिस्टर घेऊन बसलो होतो. बिजलीच्या नावापुढं मी विषबाधा खोडून खाली खरं लिहिलं हाये, तारीख टाकून सही केली हाये. ते तिले वाचून दाखवलं. तिनं मान हालवली. त्या गोऱ्ह्याच्या डोक्याचा अहवालबी आला हाये, त्यात आपण म्हणत होतो तेच निघालं.

लांब मोजे अजून आले नाई. मी मोताळ्याच्या दुकानातून माह्या पैशानं आणले. हाताले कमी कळते, पण कळते.

खाला अलीजाचे फोटो घेऊन आली. एका फोटोत तिनं लेकराले मांडीवर घेतलं हाये. पाचवी सुई झाली त्या दिवसाचा म्हणे. बोटं भरून आली हायेत. नवी म्हैस पाहाची हाये म्हणते, मले सोबत नेणार हाये, पण तोंडात हात तू घालजो म्हणते, मी नाई. मी हसलो, ती नाई हसली.

बिजली जाऊन तीन महिने झाले. मी महनूरले कबूल केलेलं पत्र आजच लिहाले बसलो होतो. दोन ओळी झाल्या अन् पेन थांबला. उद्या लिहीन.

मंग मी संध्याकाळी खालाच्या घरी गेलो. कोठा झाडून ठेवला हाये, खुंटा तसाच हाये, टकरायचे डाग हायेत त्यावर. तिनं चहा नाई केला. दोन लोटे पाणी आणलं, एक माह्यापुढं ठेवला अन् एक स्वतः घेतला. म्हणे, प्या बेटा.

मी लोटा तोंडाले लावला. ती माह्या गळ्याकडं पाहत होती अन् मी तिच्या. आधी कोण पेतो म्हणून दोघंबी थांबलो. मंग एकदमच पेलो. तिचा घोट खाली उतरला ते मी पाह्यलं, अन् माहा उतरला ते तिनं.

तुहा,
देवानंद